टस्कीगीच्या पाटीपाशी वळा

अटलांटाच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांना हा रस्ता पाठ आहे. इंटरस्टेट ८५ धरायचा, अडीच तासांत माँटगोमरी, तिथून दक्षिणेला वळून थेट फ्लोरिडाचा किनारा. आम्ही दोघं अठरा उन्हाळे असेच गेलो. मागच्या सीटवर आधी लहान मुलं होती, मग कानात हेडफोन घातलेली मोठी मुलं, आणि शेवटी नुसती छत्री आणि बर्फाची पेटी. अलाबामात शिरल्यावर थोड्या वेळाने 'टस्कीगी' अशी पाटी लागते. ती मी दर वर्षी वाचली आणि दर वर्षी गाडी पुढे गेली.

वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर', टस्कीगीतल्या त्या कृषिशास्त्रज्ञाचं चरित्र, मला नववीत बक्षीस मिळालं होतं. माझ्या पिढीतल्या कित्येकांना ते असंच मिळालं असेल. ज्या गावासाठी मी साताऱ्याच्या माळ्यावर बसून रडले होते, ते गाव हमरस्त्यापासून काही मिनिटांवर होतं आणि मला समुद्राची घाई होती. याची खंत मला अजून आहे, आणि तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

तुम्ही अमेरिकेत राहत असा की उन्हाळ्यात मुलांकडे येणार असा, नायगारा आणि लास व्हेगास जरूर करा. पण तीन दिवस या रस्त्यासाठी काढा: अटलांटा, टस्कीगी, माँटगोमरी, सेल्मा. दोघांनीच निघा, किंवा दहा-बारा वर्षांच्या पुढची मुलं असतील तर त्यांना घेऊन. आणि माँटगोमरीनंतर इंटरस्टेट सोडा.

टस्कीगीला बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये शाळा काढली. तिथल्या जुन्या लाल इमारतींच्या विटा विद्यार्थ्यांनीच पाडल्या आणि भिंतीही त्यांनीच रचल्या. 'कमवा आणि शिका' म्हणजे काय, हे सातारच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कार्व्हर १८९६ मध्ये तिथे आले आणि १९४३ मध्ये जाईपर्यंत तिथेच राहिले. विद्यापीठाच्या लहानशा दफनभूमीत बुकर टी. यांच्या शेजारी त्यांची कबर आहे. आम्ही गेलो तेव्हा दुसरं कोणीच नव्हतं. हे चपला काढून उभे राहिले. मी काही बोलले नाही, मीही काढल्या.

तिथून निघालात की रस्त्याकडेला उकडलेल्या शेंगांची पाटी दिसली तर थांबा. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, गरम, ओल्या, थेट आपल्या पावसाळ्यातल्या. कापसाने निःसत्त्व झालेल्या जमिनीत नत्र परत यावं म्हणून भुईमूग लावा, असं कार्व्हर शेतकऱ्यांना सांगत. तो निरोप गावोगाव पोचवायला त्यांनी १९०६ मध्ये घोड्याची गाडीच काढली होती. शेंग फोडताना मुलांना हे सांगा. वर्गात सांगितलेलं ती विसरतील, हे विसरणार नाहीत.

माँटगोमरीला एक पूर्ण दिवस द्या. रोझा पार्क्स यांना १ डिसेंबर १९५५ ला बसमध्ये जागा न दिल्याबद्दल अटक झाली ती याच शहरात. त्यानंतर ३८१ दिवस कृष्णवर्णीय लोक बसने गेले नाहीत. मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा जिथे पाद्री होते ते विटांचं छोटं चर्च विधानभवनापासून हाकेच्या अंतरावर आहे. पण माझं ऐकाल तर सगळ्यात जास्त वेळ २०१८ मध्ये उघडलेल्या त्या टेकडीवरच्या स्मारकाला द्या. झुंडीने ठार मारलेल्या ४,४०० हून अधिक कृष्णवर्णीय माणसांचं ते स्मारक आहे. प्रत्येक काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, गंजक्या रंगाचा एक पोलादी स्तंभ, त्यावर नावं आणि तारखा. सुरुवातीला स्तंभ आपल्या उंचीला असतात, नावं समोर वाचता येतात. चालता चालता जमीन उतरत जाते आणि स्तंभ वर वर जाऊ लागतात. शेवटी मान वर करून पाहावं लागतं, आणि ते डोक्यावर लटकत असतात. तिथे सेल्फी काढू नका. मुलांनाही गाडीतून उतरायच्या आधीच सांगून ठेवा.

आता तो रस्ता. माँटगोमरीहून सेल्माला जाणारा हायवे ८० साधारण ८० किलोमीटरचा आहे, आणि त्याचा मोठा भाग लाउंड्स काउंटीतून जातो. दोन्ही बाजूंना कुरणं, मधूनच एखादं चर्च, फार तर एखादा गॅस स्टेशनचा खांब. जमीन काळी आहे. विदर्भातला माणूस पाहताक्षणी म्हणेल, ही कापसाची माती. या काउंटीत १९६५ च्या सुरुवातीला दर पाच माणसांत चार कृष्णवर्णीय होते, आणि मतदारयादीत त्यांच्यातला एकही नव्हता. ज्यांनी नाव नोंदवायची हिंमत केली त्या कुळांना जमीनमालकांनी घराबाहेर काढलं. ती कुटुंबं याच हायवेच्या कडेला तंबू ठोकून राहिली, दोन वर्षांहून अधिक. त्या जागेवर आज नॅशनल पार्क सर्व्हिसचं माहिती केंद्र आहे. गाड्या त्याच्यासमोरून भरधाव जातात. तुम्ही थांबा.

आत गेल्यावर मराठी माणसाने एका चित्रासमोर जरा जास्त उभं राहावं. अलाबामात मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह लागायचं, कारण अनेक मतदारांना वाचता येत नव्हतं. निवडणूक चिन्ह म्हणजे काय ते आपल्याला कोणी शिकवायला नको. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि त्याच्यासोबत वर्षानुवर्षं गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापलेली असायची. लाउंड्सच्या लोकांनी स्टोकली कारमायकल यांच्यासारख्या तरुण कार्यकर्त्यांच्या साथीने आपला वेगळा पक्ष काढला आणि चिन्ह घेतलं काळा पँथर. १९६६ ची निवडणूक ते हरले. पण ते चिन्ह आणि नाव त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी उचललं, आणि तिथून ते १९७२ मध्ये मुंबईला आलं. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या दलित पँथरमधला पँथर या कुरणांमधून निघालेला आहे. लाउंड्सच्या त्याच चळवळीतले जॉन ह्यूलेट १९७० मध्ये काउंटीचे शेरीफ म्हणून निवडून आले.

हे नातं त्याहून जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. पुण्यात बसून त्यांना हा प्रदेश आपल्या प्रश्नाशी जोडलेला दिसला. आम्हाला तो गाडीच्या काचेतून अठरा वर्षं दिसला नाही.

स्पष्टच सांगते. आम्ही जाणार म्हटल्यावर आपल्याच काही लोकांनी विचारलं, "त्या वस्तीत कशाला थांबता?" हा प्रश्न मला ओळखीचा आहे. गावाकडे विशिष्ट आळीबद्दल तो लहानपणी ऐकला आहे, फक्त तिथे 'वस्ती'ऐवजी दुसरा शब्द असायचा. तुम्हालाही कोणी असं विचारेल. सावधगिरी कुठेही असते तेवढीच ठेवा, आणि जा. या गावांमध्ये अनोळखी माणूसही समोरून आला तर मान हलवून विचारपूस करतो. तुम्हीही करा. कुठून आलात असं विचारलं तर नुसतं 'इंडिया' म्हणून थांबू नका, आपल्या गावाचं नाव सांगा. सेल्मात एका आजींनी माझ्याकडून 'सातारा' तीनदा म्हणवून घेतलं आणि मग त्यांच्या वडिलांनी मतदार म्हणून नाव नोंदवलं त्या दिवसाची गोष्ट सांगितली, उभ्या उभ्या, अर्धा तास.

काही व्यवहाराच्या गोष्टी. जून-जुलैत पारा ३३-३५ अंशांवर असतो आणि हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी चिकट. चालण्याची ठिकाणं सकाळी करा, गाडीत पाण्याच्या बाटल्या भरपूर ठेवा. दुपारी विजा कडाडून धो धो पाऊस येतो. तेव्हा चालवत राहू नका, रस्ता सोडून गॅस स्टेशनवर थांबा, अर्ध्या तासात ओसरतो. जॉर्जियातून अलाबामात शिरलात की घड्याळ एक तास मागे जातं. रविवारी छोट्या गावांत बरंच बंद असतं, आणि संग्रहालयांच्या सुट्टीचे वार वेगवेगळे असतात, म्हणून निघायच्या आधी प्रत्येक ठिकाण उघडं आहे ना पाहून घ्या. शाकाहारी असाल तर "मांस नाही ना?" एवढं विचारून भागत नाही. पालेभाजी आणि चवळी इथे डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात, "शिजवताना काय घातलं?" असं विचारा. मक्याच्या पिठात घोळून तळलेली भेंडी मात्र जिथे मिळेल तिथे घ्या.

सेल्मा शेवटी. एडमंड पेटस पूल गाडीने ओलांडू नका. गाडी गावात लावा आणि चालत जा. पूल मधोमध उंच आहे, त्यामुळे गावाच्या बाजूने चढताना पलीकडचं काही दिसत नाही. ७ मार्च १९६५ ला मतदानाच्या हक्कासाठी निघालेले सुमारे ६०० लोक दोन-दोनच्या रांगेत असेच चढत गेले आणि माथ्यावर पोचल्यावर त्यांना खाली लाठ्या घेतलेले पोलीस दिसले. ते परत फिरले नाहीत, उतरत गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदानाच्या हक्काचा कायदा झाला. माथ्यावर थोडं थांबा. खाली अलाबामा नदी संथ वाहत असते.

बरेचसे प्रवासी पुलाचा फोटो काढतात आणि दहा मिनिटांत गाडीत बसतात. गावाच्या हाती काही लागत नाही. मुख्य रस्त्यावर कितीतरी दुकानांना फळ्या ठोकलेल्या आहेत, आणि जानेवारी २०२३ मध्ये टोर्नेडोने उरलंसुरलं मोडलं. म्हणून गाडीतला डबा त्या दिवशी उघडू नका. सेल्मातच जेवा, सेल्मातच पेट्रोल भरा, जमलं तर रात्र तिथेच काढा. छोट्या खाणावळी दुपारी दोनच्या सुमाराला बंद होतात, तेव्हा पूल सकाळीच चाला आणि बारापर्यंत जेवायला बसा.