राउटरची चर्चा आणि विहाराच्या वायफायचा प्रश्न

दूरसंचार विभागाने मे 2025 मध्ये 6 गिगाहर्ट्झ पट्ट्याचा खालचा भाग (5925 ते 6425 मेगाहर्ट्झ) वायफायसाठी परवानामुक्त करण्याचा मसुदा काढला आणि आपल्या तरुणांच्या ग्रुपवर ‘आता नेट सुसाट’ असे मेसेज फिरू लागले. बातमी महत्त्वाची आहे, पण ती कोणाच्या घरात पोचणार हेही विचारायला हवे.

अमेरिकेने 2020 मध्ये 1200 मेगाहर्ट्झचा हा संपूर्ण पट्टा वायफायला दिला. युरोपीय संघाने 2021 मध्ये खालचे 480 दिले. भारतात मात्र मोबाइल कंपन्यांना तो 5जी साठी हवा होता, म्हणून निर्णय रखडला. वायफाय 7 ची 320 मेगाहर्ट्झची रुंद वाहिनी याच पट्ट्यात बसते. पट्टा बंद होता तोवर खोक्यावर छापलेल्या वेगाचा मोठा हिस्सा इथे निकामी होता, किंमत मात्र मोजावी लागे. सोनीचा पीएस5 प्रो 2024 मध्ये याच कारणाने भारतात आला नव्हता.

आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो तिथली अडचण वेगळी आहे. भिंतीला भिंत लागून घरे, प्रत्येकाचा राउटर 2.4 गिगाहर्ट्झवर, आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच. राउटर 5 गिगाहर्ट्झवर चालत असेल तर तो लावून पाहा. भारतात तो परवानामुक्त आहे, वेगळे शुल्क नाही. 6 गिगाहर्ट्झ मात्र नवा राउटर आणि नवा फोन घेणाऱ्यालाच मिळेल, शिवाय भिंतीपलीकडे ही लहर लवकर दमते.

आपल्यासाठी मोठी बातमी जूनमध्ये आली, तिचा मेसेज कुणी फिरवला नाही. पीएम-वाणी योजना डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झाली. तिच्यात किराणा दुकानदार किंवा संस्थासुद्धा परवाना, नोंदणी व शुल्काशिवाय सार्वजनिक वायफाय देऊ शकते. सरकारच्या 2018 च्या धोरणात 2022 पर्यंत 1 कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचे उद्दिष्ट होते. ते फसले, कारण अशा केंद्रांना कंपन्या महागडी लीज्ड लाइनच घ्यायला लावत. आता ट्रायने 16 जूनच्या आदेशात मर्यादा घातली: 200 एमबीपीएसपर्यंतच्या फायबर जोडणीसाठी घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त आकारता येणार नाही. घरगुती प्लॅन 600 रुपयांचा असेल तर केंद्राला जास्तीत जास्त 1200, वर जीएसटी.

विहारातल्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारी, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी मुले आज स्वतःच्या मोबाइल डेटावर बसतात. लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितले आहे. वर्षावासाच्या नियोजनाला समितीची बैठक होईलच. तिथे हा विषय घ्या, नोंदणीकृत एग्रीगेटर शोधा, आणि कंपनीचा माणूस लीज्ड लाइनचे कोटेशन घेऊन आला तर ट्रायच्या आदेशाची प्रत त्याच्यासमोर ठेवा.