डीपीचीही पाळी ठरवा

गेलेली वीज आली की सगळ्यांचे पंप एकदम सुरू होतात आणि डीपीचा फ्यूज उडतो, हे शेतकरी बंधूंना नवीन नाही. कारण पंपाला लावलेला ऑटोस्विच. रात्री सापाकिरड्वातून शेतावर जायला नको म्हणून तो बसवतात, त्यात कुणाचा दोष काढायचा? पण हिशेब बघा. ५ अश्वशक्तीची मोटर चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते, सुरू होताना मात्र पाच-सहा पट. ६३ केव्हीएची डीपी झेपवते ८४ अँपिअर. चालते १० पंप ती निभावून नेते, तेच एका क्षणी सुरू झाले तर मागणी जाते ४०० च्या वर. मग व्होल्टेज पडतो, मोटर नुसती घुंघुं करते, आणि एखाद दिवशी डीपीच जळते. ऐन भाजीच्या हंगामात पाणी बंद!

ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे महावितरण वारंवार सांगते. कपॅसिटर बसवावाच; ५ अश्वशक्तीला साधारण २ केव्हीएआरचा पुरतो. पण नुसता ऑटोस्विच काढून रात्रीचा हेलपाटा काही चुकत नाही.

आता मोबाईलवर चालणारे स्टार्टर मिळतात. वीज आल्यावर ठराविक वेळाने मोटर सुरू करायची सोय असलेलाच घ्यावा. एका डीपीवरच्या दहा जणांनी दोन-दोन मिनिटांचे अंतर ठेवले, तर वीस मिनिटांत सगळे पंप चालू, फ्यूज शाबूत. पुढे डीपीवरच भार मोजणारा नियंत्रक बसवून त्याच्याकडून एकेका स्टार्टरला संदेश देता येईल. तंत्र अवघड नाही. मात्र कुणाचा पंप आधी, हे दूरच्या कार्यालयाने ठरवू नये. धुळ्याकडे पांझरेच्या फडांत पाण्याची पाळी शेतकऱ्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. २००५ च्या सुमारास अक्षय प्रकाश योजनेत गावांनी संध्याकाळचे पंप आपणहून बंद ठेवले, ते घरात दिवा राहावा म्हणून.

चंदनसारसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट. महापालिका २००९ साली झाली, शेताच्या कडेला चाळी आणि इमारती आल्या. जिथे वीज एकाच डीपीवरून येते, तिथे टाकीत पाणी चढवणारे पंपही पाळीत धरले पाहिजेत. टाकी तासभर उशिरा भरली तर बिघडत नाही. दुपारच्या उन्हात भाजीचे रोप तेवढे थांबत नाही.

रब्बीची भाजी लावण्याआधी डीपीवार यादी करा: पंप कुणाचा, किती अश्वशक्तीचा, ऑटोस्विच आहे की नाही. ग्रामसेवकांनी किंवा नगरसेवकांनी पुढाकार घेऊन सर्वांना एकदा बसवावे आणि यादीची एक प्रत वायरमनला द्यावी.