त्या हातांना खाणीत धाडू नका

भाऊबीजेला फराळ झाला की आमच्या घरी एक गोष्ट हमखास निघते. आल्ब्रेख्त ड्यूरर नावाचा जर्मन चित्रकार. अठरा भावंडांचे घर. त्याला शिकता यावे म्हणून भाऊ खाणीत राबला, त्याची बोटे वाकली, आणि कृतज्ञ ड्यूररने ते जोडलेले हात चितारले! सांगणाऱ्याचा कंठ दाटतो. मग सगळे माझ्या आक्काकडे पाहतात. तिने सातवीतून शाळा सोडली, म्हणून मी बी. ए. झालो.

ही गोष्ट साफ खोटी आहे. ड्यूररच्या आईला अठरा मुले झाली, एवढे खरे. पण बाप सोनार. एक भाऊ सोनार झाला, दुसरा चित्रकार. खाणीतल्या भावाचा कुठे पत्ताच नाही! हे हात 1508 सालचे. फ्रँकफुर्टच्या याकोब हेलर या व्यापाऱ्याने चर्चसाठी वेदीचित्र सांगितले होते. त्यातल्या एका प्रेषिताच्या हातांचा हा सराव. ते चित्र 1729 साली म्युनिकच्या आगीत जळाले. कागद तेवढा व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. उंची जेमतेम 29 सेंटिमीटर.

बरे, पुरावा राहू द्या. नुसते पाहा ना! निळ्या कागदावर कुंचल्याच्या काळसर रेघा, त्यांवर पांढऱ्याचे केसासारखे फटकारे. हातावरच्या शिरा, मनगटाशी दुमडलेली अस्तनी. बोटे लांब, सडसडीत. टोके हलकेच टेकलेली. या बोटांनी कुदळ धरली असेल? पण पाहायला सवड कुणाला! आम्हांला रडायचे असते, आणि चित्र समोर येण्याआधीच डोळे भरले तर दिसणार काय, कपाळ?

गेल्या वर्षी आक्काला मी ते छापील चित्र दाखवले. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिले.

"हा काबाडकष्टातला माणूस नव्हे रे. बोटं बघ." मग थांबून म्हणाली, "आणि मला कुणी विचारलं होतं, शाळा सोडतेस का म्हणून?"

हे मी गोष्ट सांगणाऱ्या भाऊजींना ऐकवले. ते म्हणाले, "असेल खोटी, पण बोधप्रद आहे." बोध कुणाला? शिकायला निघालेल्याला, की दप्तर खुंटीला टांगणारीला?

यंदा गोष्ट निघाली तर मी ताटावरून उठणार आहे. आक्का म्हणते, हातातली चकली संपव आणि मग ऊठ.