मथळ्यातून गळलेली पेंड

अमेरिकेबरोबरच्या व्यापार वाटाघाटींना २०२५ मध्ये वेग आला आणि ‘जीएम’, म्हणजे जनुकीय बदल केलेला, मका आणि सोयाबीन पुन्हा बातम्यांत आले. महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, तेव्हा विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीन उत्पादकांत मोठी खळबळ उडाली होती. त्या वेळच्या बातम्यांत आरोग्याचा प्रश्न आणि भावाचा प्रश्न एकमेकांत असे गुंतले, की तो गुंता अजून सुटलेला नाही.

अर्थविषयक पानांवर ही गोष्ट कुक्कुटपालकांची होती. कोंबडी खाल्ल्याने करोना होतो या अफवेने २०२० मध्ये हा व्यवसाय आधीच झोपवला होता. त्यात पेंडीचे भाव भडकले. अंडी-चिकनच्या उत्पादनखर्चातला मोठा वाटा खाद्याचा असतो आणि त्या खाद्यातली प्रथिने मुख्यतः सोयापेंडीतून येतात. शेतीच्या पानांवर तीच गोष्ट सोयाबीन उत्पादकाची होती. दोन्ही मांडण्या आपापल्या जागी खऱ्या. घोळ झाला तो मथळ्यांत. ‘जीएम सोयापेंड’ लांबलचक वाटते म्हणून असेल, पण अनेकदा नुसते ‘जीएम सोयाबीन’ उरले आणि पेंड गळून पडली.

हा शब्द गळणे साधे नाही. सोयाबीनचा दाणा जिवंत असतो, पेरला तर उगवतो. पेंड म्हणजे तो दाणा भरडून, द्रावकाने तेल काढून, वर उष्णता देऊन उरलेला चोथा. ती रुजत नाही. पर्यावरण मंत्रालयाने याच मुद्द्यावर, पेंडीत जिवंत जीव नाही म्हणून, हरकत नसल्याचे कळवले होते. विरोधकांचा कायदेशीर मुद्दाही पोकळ नव्हता: १९८९ चे नियम फक्त जिवंत जीवांपुरते नाहीत, त्यांत जनुकीय बदल केलेल्या जीवांपासून बनलेल्या पदार्थांचाही विचार आहे. त्यामुळे जीएम पिकांची छाननी करणाऱ्या केंद्रीय समितीसमोर हा विषय रीतसर यायला हवा होता, असे त्यांचे म्हणणे. या चर्चेला मोठी जागा मिळायला हवी होती. ती ‘विषारी’ या एका विशेषणाने खाल्ली.

मग ती पेंड खाल्लेल्या कोंबडीच्या अंड्यात काय उतरते? पेंडीतली प्रथिने आणि डीएनए कोंबडीच्या पचनसंस्थेत इतर अन्नाप्रमाणेच तुटतात. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २००७ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा जीएम खाद्यातला बदललेला डीएनए किंवा प्रथिन अशा जनावरांच्या मांसात, दुधात, अंड्यांत आढळलेले नव्हते. जनुकीय बदल खाण्याबाबत कडक समजल्या जाणाऱ्या युरोपात कोट्यवधी जनावरे अशी आयात पेंड वर्षानुवर्षे खात आहेत.

त्याहून जवळची गोष्ट म्हणजे सरकी. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. आज विदर्भात पिकणारा बहुतेक कापूस बीटीच आहे. त्याची सरकी गाळली जाते, तेल माणसांच्या पोटात जाते आणि सरकी पेंड दुभत्या गाई-म्हशींपुढे पडते. अर्जेंटिना-ब्राझीलहून येणारे सोयातेलही बहुतांश जीएम दाण्याचेच. म्हणजे परदेशी पेंडीला विष म्हणणारा मथळा नकळत आपल्याच शेतकऱ्याच्या गोठ्याकडे बोट दाखवत होता.

याचा अर्थ विचारण्यासारखे काहीच नव्हते, असा नाही. जीएम सोयाबीनचे बरेचसे वाण ग्लायफोसेट हे तणनाशक सोसण्यासाठी तयार केलेले असतात, त्यामुळे त्याचा अंश दाण्यात राहू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले. इतर नियामक संस्थांचे मत वेगळे पडले. तेव्हा खरा सवाल साधा होता: बंदरावर उतरलेल्या पेंडीत या तणनाशकाचा अंश किती, तो कोणी तपासला? जनुकाच्या भीतीइतका हा सवाल आकर्षक नसावा. तो मागेच राहिला.

आणि भाव? ऑगस्टच्या सुरुवातीला राज्यातल्या काही बाजार समित्यांत सोयाबीन क्विंटलला १० हजारांच्या वर गेले होते. ऑक्टोबरमध्ये नवा माल येईपर्यंत ते जवळजवळ निम्म्यावर आले. सगळा दोष आयातीचा नाही, नवी आवक सुरू झाली की भाव उतरतोच. हमीभाव ३,९५० रुपये होता, त्याखाली बाजार गेला नव्हता, असेही सांगता येईल. पण पीक शेतात उभे असताना, काढणीच्या तोंडावर आयातीचा दरवाजा उघडायचा, ही वेळ कोणी आणि का निवडली, हा शेतकऱ्याचा रोकडा प्रश्न होता. त्याला विषाचा आधार घ्यायची गरज नव्हती. उलट त्या आधारामुळे सरकारचे काम सोपे झाले: पेंड निर्धोक आहे एवढे सांगितले, की वेळेबद्दल उत्तर द्यावेच लागत नाही.

आता चर्चेत मका आहे, आणि इथे शब्द आणखी जपून वापरावे लागतील. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरलेला चोथा आयात होणार असेल, तर तो पेंडीच्या जातीचा. अख्खा दाणा येणार असेल तर तो ट्रकमधून सांडून रस्त्याकडेला रुजू शकतो, आणि मक्याचे परागकण वाऱ्यावर शेजारच्या शेतात जातात. दोन्हीला ‘जीएम मका’ म्हणून एकाच मथळ्यात बसवता येते.