उपकारस्तुती आणि मजुरी

भात पिवळे पडले की कोकणात दारावर नव्या लोंब्यांचे ‘नवे’ बांधतात. त्याच सुमारास मुंबई-वसई पट्ट्यातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती ‘आगेरा’ साजरा करतात. शेतातल्या पहिल्या लोंब्या चर्चमध्ये आणून देवाचे उपकार मानतात. भरल्या खळ्यासमोर उपकार मानणे कोणालाही जमते. ख्रिस्ती धर्म याहून अवघड गोष्ट मागतो, ती म्हणजे रोजची उपकारस्तुती. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत वर्षाची बेगमी मागितलेली नाही, आजची भाकर मागितली आहे. सोळाव्या शतकात ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांनी आत्मपरीक्षणाची जी रीत घालून दिली, तिची पहिली पायरी मिळालेल्या दानांबद्दल आभार मानण्याची आहे; आपले दोष धुंडाळणे त्यानंतर येते. आपल्याला काय काय मिळाले हे ज्याने आधी मोजले, त्यालाच आपण कुठे कमी पडलो ते नीट दिसते. म्हणूनच मला वाटते की रोजचे आभार हा मनाला बरे वाटावे म्हणून करायचा उपाय नाही. तो एक हिशेब आहे, आणि हिशेबात येण्याबरोबर देणेही असते.

या म्हणण्याला बायबलमध्येच आधार आहे. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या 26व्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली देवापुढे ठेवताना शेतकऱ्याने काय म्हणावे ते सांगितले आहे. आपले पूर्वज मिसरात गुलामीत पिचत होते, देवाने त्यांना सोडवले आणि ही जमीन दिली, हे त्याने आधी मोठ्याने सांगायचे. मग टोपली ठेवायची. आणि त्यानंतरच्या आनंदात ज्याच्या वाट्याला जमीन नाही अशा लेवी वंशातल्या माणसालाही आणि गावात राहणाऱ्या परक्यालाही सामील करून घ्यायचे. त्याच ग्रंथात दोन अध्याय आधी गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी देण्याची आज्ञा आहे. आभाराची टोपली आणि मजुराची मजुरी एकाच नियमशास्त्रात आहेत. एक पाळून दुसरी टाळता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की सतत उपकार मानणारा माणूस मवाळ होतो, अन्याय सोसतो. पंडिता रमाबाईंचे आयुष्य या आक्षेपाला चोख उत्तर देते. तरुणपणी त्यांनी दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गमावली. 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी ती उपासमार लपवली नाही, आणि देवाच्या देण्याबद्दलची कृतज्ञताही तितक्याच मोकळेपणाने मांडली. म्हणून त्या गप्प बसल्या का? 1882 साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात अशी मागणी केली. 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा केडगावला आणल्या. तिथल्या मुक्ती सदनात त्यांना विणकाम, छपाई, शेती शिकवली. आपण वाचलो हे ज्यांना रोज आठवत होते, त्यांना उपाशी मुलींकडे पाठ फिरवणे शक्यच नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. ज्याची पिढ्यांची बाग एका दुपारी गेली, त्याला ‘देवाचे आभार मान’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे? सांगूच नये. बायबलही तसे सांगत नाही. स्तोत्रसंहितेत स्तुतीच्या जोडीला आक्रोशाची, देवाला जाब विचारणारी कितीतरी स्तोत्रे आहेत. आभार ज्याचे त्याने मानायचे असतात, दुःखितावर लादायचे नसतात. रोज म्हटलेली प्रार्थना यांत्रिक होते, हा तिसरा आक्षेपही खरा आहे. पण त्यावरचा इलाज प्रार्थना सोडणे हा नाही, ती नेमकी करणे हा आहे. 2003 साली एमन्स आणि मॅककुलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात आभाराच्या गोष्टी नियमाने लिहून काढणारे लोक कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक समाधानी आढळले. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम बेताचाच ठरला. मला त्याचे नवल वाटत नाही. नुसत्या यादीने माणूस बदलत नाही. यादीतल्या माणसाकडे तो गेला, तर बदलतो.

रायगड जिल्ह्यात, सुधागड तालुक्यातील पालीच्या परिसरात ही माणसे शोधायला लांब जावे लागत नाही. ताटातल्या भातासाठी भर पावसात, गुडघाभर चिखलात वाकून कुणीतरी आवणी केलेली असते. सुधागडातली कितीतरी कातकरी कुटुंबे कापणी आटोपली की उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. पाठोपाठ मुलांची शाळा सुटते. जेवणाआधी डोळे मिटून देवाचे आभार मानणाऱ्या ख्रिस्ती माणसाने, आणि वेगळ्या नावाने त्याच दात्याला हात जोडणाऱ्या प्रत्येकाने, या हातांची आठवण त्या प्रार्थनेत ठेवली पाहिजे. देवाचे देणे बहुधा माणसांच्या हातूनच आपल्यापर्यंत येते. तेव्हा आज रात्री उपकारस्तुतीला बसण्यापूर्वी एवढे करावे: कुणाची मजुरी द्यायची राहिली असेल तर ती आधी देऊन टाकावी.