आधी टायर, मग कार्बन

नवी सायकल घेतलेल्या माणसाने ती चारचौघांत मिरवावी, यात मला काहीही वावगं वाटत नाही. उलट मला ते आवडतं. पुणं एके काळी सायकलींचं शहर होतं. पुढे दारोदार स्कूटर आणि मोटारी आल्या आणि ज्याला गाडी परवडत नाही त्याचं वाहन म्हणजे सायकल, असं समजलं जाऊ लागलं. त्याच पुण्यात आज एखादा बँकेतला अधिकारी किंवा दातांचा डॉक्टर हप्त्यांवर रोडबाइक घेतो, दिवाणखान्यात ठेवतो आणि रविवारी पहाटे पाचला तिच्यासाठी उठतो. हा बदल लहान नाही. माझी तक्रार आहे ती आपण सायकलीचं काय मिरवतो याबद्दल, आणि ते पाहून नवा माणूस काय शिकतो याबद्दल.

सिंहगडाच्या पायथ्याशी चहाला थांबलेला कोणताही गट बघा. सायकली रांगेने टेकवलेल्या असतात, सगळ्यांची साखळीची बाजू समोर, कारण फोटो त्याच बाजूने चांगला येतो. त्यात एखादी नवी असली की आधी रंगाचं कौतुक होतं. मग कुणीतरी ‘उचलू का?’ म्हणून विचारतो आणि वरच्या नळीखाली दोन बोटं घालून सायकल वीतभर उचलतो. ‘साडेसात?’ ‘सात सातशे, पेडल सोडून.’ मग ती हातोहात फिरते. ज्यांच्या सायकली साडेनऊ-दहा किलोच्या आहेत, ते आपापल्या सायकलीकडे परतताना जरा गप्प असतात. पुढच्या महिनाभरात त्यांतल्या दोघातिघांनी कार्बनच्या चाकांचे भाव काढलेले असतात.

वजन हा सायकलीचा असा गुण आहे की तो न चालवताही कळतो. म्हणून तोच सगळ्यांच्या तोंडी बसला आहे.

त्या वजनाचा हिशेब एकदा नीट मांडू. घाटात फक्त सायकल वर न्यायची नसते, स्वतःलाही न्यायचं असतं. पंचाहत्तर किलोचा माणूस, नऊ किलोची सायकल आणि पाणी, बूट, कपडे मिळून आणखी दोन-तीन किलो, म्हणजे ८६-८७ किलो झाले. सायकल एक किलोने हलकी केली तर या एकूण वजनात सव्वा टक्काही घट होत नाही. ज्याला सिंहगडाचा घाट चढायला पन्नास मिनिटं लागतात, त्याचा तेवढ्याच ताकदीत फार तर अर्धा मिनिट वाचतो. आणि तो किलो उतरवायला फ्रेम आणि चाकं बदलायची म्हटली की खर्च सहज लाखाच्या वर जातो. शर्यतीत अर्ध्या मिनिटावर हार-जीत ठरते, हे खरंच आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. त्या मानासाठी झुंजणाऱ्याने ग्रॅम-ग्रॅम मोजावाच. पण जागतिक पातळीवरच्या शर्यतींतही यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमाने २००० सालापासून सायकलीचं वजन ६.८ किलोच्या खाली नेता येत नाही. पोटापाण्यासाठी सायकल चालवणारे जिथे थांबतात, तिथवर पोचण्यासाठी रविवारच्या राइडवाल्याने मुलांच्या शिक्षणाच्या पैशांना हात घालू नये, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

शिमानोच्या ग्रुपसेटची, म्हणजे गिअर आणि ब्रेकच्या संचांचीही, अशीच एक उतरंड आहे. क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा आणि सर्वांत वर ड्युरा-एस. आपल्या गटांमध्ये माणसांची ओळखसुद्धा कधी कधी हीच असते, ‘तो अल्टेग्रावाला.’ क्लॅरिसवरून १०५ वर जाण्यात अर्थ आहे. गिअर नेमके पडतात आणि घाट उतरताना ब्रेकवरची बोटं तो फरक सांगतात. १०५ च्या पुढचे पैसे मात्र बहुतांशी वजनाचे आणि नावाचे. १०५ आणि ड्युरा-एस यांच्या वजनातला फरक अर्ध्या किलोच्या आसपास असतो. तुमची ७५० मिलिलिटरची भरलेली बाटली याहून जड आहे. विजेवर गिअर बदलण्याचं तंत्र शिमानोने २००९ मध्ये ड्युरा-एसमध्ये आणलं आणि २०२२ मध्ये ते १०५ मध्ये उतरलं. थोडी वाट बघणाऱ्याला तीच गोष्ट खालच्या पायरीवर मिळते.

सायकलीने फरक पडत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. पडतो, आणि तो कुठून येतो हे दाखवणारं ढळढळीत उदाहरण या खेळाच्या इतिहासातच आहे. विख्यात सायकलपटू एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापलं. ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनने १९९६ मध्ये मँचेस्टरच्या ट्रॅकवर, दोन्ही हात पुढे पूर्ण ताणलेल्या ‘सुपरमॅन’ बैठकीत ५६.३७५ किलोमीटर केले. पुढे यूसीआयने ठरवलं की तासाचा विक्रम मर्क्सच्या काळासारख्याच सायकलीवर, तसंच बसून करायचा. बोर्डमनने २००० मध्ये तोही प्रयत्न केला आणि आकडा आला ४९.४४१ किलोमीटर. मर्क्सपेक्षा अवघे दहा मीटर जास्त. मधल्या चार वर्षांत त्याचं वय वाढलं होतं हे धरलं, तरी एकाच माणसाच्या दोन आकड्यांत जवळजवळ सात किलोमीटरची तफावत उरते. तिचा मोठा वाटा हवेला सामोऱ्या जाणाऱ्या अंगाचा होता. वजनाचा त्यात फारसा संबंध नव्हता.

आपल्याला त्या टोकाच्या बैठकीची गरज नाही. पण सपाटीवर ताशी तीसने जाताना आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि त्या हवेला अडवणाऱ्यात तीन-चतुर्थांश वाटा आपल्या शरीराचा असतो. म्हणून सॅडलची उंची, हँडलपर्यंतचं अंतर आणि कोपरं वाकवून तासभर खाली बसता येणं, हे एखाद्या जाणकाराकडून बसवून घ्यावं. पहिली सुधारणा ही. काही हजारांत ती होते आणि गुडघे, मान, कंबर वर्षानुवर्षं दुवा देतात. फोटोत ती दिसत नाही, म्हणूनच ती राहून जाते.

दुसरी सुधारणा टायरची, आणि याबद्दल मी कितीही बोलू शकतो. साठ-सत्तर हजारांच्या सायकलीबरोबर कंपनीकडून येणारे टायर बहुधा कडक, जाड आणि तारेच्या कडांचे असतात. असा टायर आणि चांगला रेसिंगचा टायर यांत, ताशी तीसच्या आसपास, दोन्ही चाकं मिळून पंधरा-वीस वॉटचा फरक पडू शकतो. हौशी सायकलस्वार तासभर टिकवतो ती ताकद साधारण दीडशे वॉट. म्हणजे घामाचा दहावा हिस्सा नुसता टायर खाऊन टाकतो. चांगल्या टायरची जोडी आठ-दहा हजारांत येते. एवढ्या पैशांत एवढी सुधारणा देणारी दुसरी वस्तू सायकलीच्या दुकानात मला तरी माहीत नाही.

हवेचंही सांगायला हवं. २३ मिलिमीटरच्या बारीक टायरमध्ये ११०-१२० पीएसआय हवा ठासून भरायची जुनी सवय अजून गेलेली नाही. टणक टायर गुळगुळीत ट्रॅकवर ठीक असतो. डांबर उखडलेल्या, खडी वर आलेल्या रस्त्यावर तो उसळतो, आणि पुढे न्यायची ताकद प्रत्येक उसळीत वाया जाते. २८ मिलिमीटरचा टायर आणि आपल्या वजनाप्रमाणे थोडी कमी-जास्त करून ७०-८० पीएसआय हवा, हे आपल्या रस्त्यांना मानवतं. शर्यतींतले व्यावसायिकही आता २८ वर आले आहेत. पानशेतच्या वाटेवर एकदा दोन्ही प्रकारे जाऊन बघा, मनगटंच काय ते सांगतील. मात्र आपल्या फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली २८ चा टायर मावतो का, हे आधी दुकानातून तपासून घ्या. जुन्या रिम ब्रेकच्या सायकलींत पुष्कळदा २५ च्या पुढे जागा नसते.

आणि साखळी. कार्बनची चाकं, वर महागडा पॉवर मीटर, आणि साखळीला बोट लावलं तर काळं चिकट तेल आणि त्यात वाळूची कचकच, असं दृश्य मी इतक्या वेळा बघतो की वाईट वाटतं. साखळी किती ताणली आहे ते बघायची एक पत्र्याची पट्टी काही शे रुपयांत मिळते. तिचा ०.५ चा दात कडीत पूर्ण उतरला की साखळी बदलायची वेळ झाली. दोन-अडीच हजारांची साखळी वेळेवर बदलली नाही, तर ती तिच्या दुप्पट-तिप्पट किमतीच्या कॅसेटचे दात घेऊन जाते. जो माणूस आठवड्याला दहा मिनिटं साखळी पुसतो, त्याची सोरा पुष्कळदा दुसऱ्याच्या अल्टेग्रापेक्षा गोड चालते.

वजन आणि नावं मिरवण्याची झळ सर्वांत जास्त बसते ती नव्या माणसाला. अलीकडे एका राइडला विशीतला एक मुलगा आला होता. पंचवीस हजारांची हायब्रिड, किडकिडीत अंग, पण पाय तयार. चढावर तो गटाच्या मधोमध टिकून राहिला, म्हणजे त्याच्या तिप्पट-चौपट किमतीच्या सायकली त्याच्या मागे होत्या. चहाच्या वेळी त्याने आमच्यातल्या एका जुन्या माणसाला विचारलं, ‘काका, पुढे जायचं तर ही सायकल बदलावी लागेल ना?’ उत्तर लगेच आलं, ‘रोडबाइक घे, निदान १०५ ची. नाहीतर उपयोग नाही.’ मुलगा ‘हो काका’ म्हणाला. त्याची सीट इतकी खाली होती की पेडल तळाला गेलं तरी गुडघा सरळ होत नव्हता, आणि मागचा टायर अंगठ्याने सहज दबत होता. हे काकांच्या नजरेस आलं नाही, कारण त्यांनी सायकलीच्या नळीवरचं नाव वाचलं आणि तिथेच थांबले. मी ॲलन की घेऊन सीट तीन बोटं वर केली आणि हवा भरली. खर्च शून्य.

त्या मुलाला मी ब्रेव्हेबद्दल, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडबद्दलही सांगितलं. ऑडॅक्सच्या नियमांनुसार २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. म्हणजे खाणं-पिणं, पंक्चर, विश्रांती सगळं धरून ताशी पंधराची सरासरी ठेवायची. हायब्रिडवर आणि एमटीबीवरही लोक हे अंतर पूर्ण करतात. तिथे पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जॅकेट तपासतात, फ्रेम कशाची आहे ते कुणी विचारत नाही. वाढदिवसाला काही मागायचं असेल तर चांगला दिवा माग, असं मी त्याला म्हटलं.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची जवळपास ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाच्या गटात पूर्ण केली. पुढे २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पुरी केली. महाराष्ट्रात त्यानंतर किती जणांनी सायकल हाती घेतली ते आपण पाहिलं आहे. त्यांपैकी कुणाची सायकल कोणती होती, हे आज आपल्या गटात विचारून बघा. त्यांच्या रात्री, त्यांची झोप, त्यांचं सातत्य लोकांना आठवतं.

आता ज्यांनी आधीच सायकली बदलल्या आहेत, त्यांच्याशी थोडं. यूसीआयने २०१८ मध्ये रोड शर्यतींत डिस्क ब्रेकला कायमची परवानगी दिली आणि पुढच्या काही वर्षांत आपल्याकडच्या गटांतही जो तो डिस्कवर गेला. रिम ब्रेकची चाकं, ब्रेक आणि सुस्थितीतले ग्रुपसेट तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या गॅलऱ्यांमध्ये आणि माळ्यांवर पडून आहेत. विकायला काढले तर चौथाई किंमतही येत नाही. दुसरीकडे सांगली-कोल्हापूर भागातली शाळा-कॉलेजातली मुलं-मुली रोज पहाटे घाम गाळतात, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत जातात, आणि त्यांतल्या अनेकांच्या सायकली याच जुन्या रिम ब्रेकच्या असतात. एका किलोमागे वाचणारा तो अर्धा मिनिट आपल्याला चहाच्या टपरीवर बोलायला पुरतो. त्या मुलांची त्यावर निवड होते किंवा हुकते. हलक्या चाकांवर कुणाचा हक्क असेल तर तो त्यांचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून ज्यांच्या घरात अशी चाकं पडून आहेत त्यांना विनंती, की त्यांनी जिल्ह्याच्या सायकलिंग संघटनेला किंवा ओळखीच्या प्रशिक्षकाला या आठवड्यात फोन करावा. चाक रिम ब्रेकचं आहे की डिस्कचं, त्यावर किती स्पीडची कॅसेट बसते आणि टायर किती रुंद मावतो, एवढं लिहून कळवा, म्हणजे कुणाच्या सायकलीला ते बसेल हे त्यांना ठरवता येईल. तडा गेलेला कार्बन मात्र कुणालाही देऊ नका. आणि देताना चाकांबरोबर एक नवी साखळी आणि टायरची एक चांगली जोडीही द्या.