कॅमेरा चालू, नोंद मात्र गायब

गावी एकट्या राहणाऱ्या वृद्ध आई-वडिलांच्या घरात कॅमेरा असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात. आई ओसरीवर बसली आहे, वडिलांनी चहा घेतला, एवढे मोबाइलवर दिसले तरी त्यांचा जीव भांड्यात पडतो. २०११च्या जनगणनेतच देशातील साठीपुढच्या नागरिकांची संख्या दहा कोटींवर गेली होती. चोरांच्या भीतीने घरात आलेला कॅमेरा आता माणसांच्या काळजीपोटी बसवला जाऊ लागला आहे. मात्र खरी गरज पडते त्याच दिवशी ‘त्या वेळचे रेकॉर्डिंगच नाही’ असे अनेकदा कळते. त्यामुळे हातचा पुरावा जातोच, पण कधी कधी उपचाराची संधीही जाते.

समजा, सकाळी सात वाजता दूधवाल्याला आजोबा जमिनीवर पडलेले दिसले. उजवा हात-पाय हलत नाही, बोलता येत नाही. रुग्णालयात पोहोचेपर्यंत आठ वाजले. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘शेवटचे व्यवस्थित कधी पाहिले?’ मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. हे तास रुग्ण सापडल्यापासून नव्हे, तो शेवटचा धडधाकट दिसल्यापासून मोजतात. रात्री दहाला फोनवर शेवटचे बोलणे झाले असेल, तर दहा तास उलटले असेच धरावे लागते. पण पहाटे साडेपाचला आजोबा देवापुढे दिवा लावताना कॅमेऱ्यात दिसत असतील, तर अडीचच तास झालेले असतात. रुग्ण तोच, पण निर्णय बदलू शकतो. प्रगत स्कॅनच्या आधारे निवडक रुग्णांवर उशिरानेही उपचार होतात. पण ती सोय सर्वत्र नाही. उपचार न झालेल्या मोठ्या पक्षाघातात मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे.

पडण्याच्या इतर प्रसंगांतही हेच. चक्कर येऊन पडले की फिट आली, पाय घसरला की आधी शुद्ध गेली, हे रुग्णाला आठवत नाही आणि पाहणारे कोणी नसते. अर्ध्या मिनिटाचे चित्रण तपासणीची दिशा ठरवू शकते. जमिनीवर किती तास पडून होते, हेही महत्त्वाचे. दीर्घकाळ एकाच अंगावर दाब पडल्यास स्नायूंचा नाश होऊन मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

मग रेकॉर्डिंग जाते कुठे? पहिले कारण साध्या गणिताचे. सेकंदाला दोन मेगाबिट वेगाने चित्रण साठवणारा कॅमेरा तासाला सुमारे ९०० एमबी, म्हणजे दिवसाला २१ ते २२ जीबी जागा घेतो. ६४ जीबीचे कार्ड तीन दिवसांच्या आत भरते आणि जुने पुसून नवे लिहिणे सुरू होते. मुलगा चौथ्या दिवशी गावी पोहोचला, तर हवे ते पुसले गेलेले असते.

दुसरे कारण कार्डाच्या आयुष्याचे. मेमरी कार्डावर ठरावीक वेळाच लिहिता येते. मोबाइलसाठीचे साधे कार्ड रात्रंदिवस लिहिण्यासाठी बनवलेले नसते. उन्हात तापणाऱ्या कॅमेऱ्यात ते आणखी लवकर खराब होते. अशा वेळी मोबाइलवर थेट चित्र मात्र व्यवस्थित दिसत राहते. ‘दिसते म्हणजे साठते’ हा समज इथेच फसवतो. स्वस्तातली बनावट कार्डे लिहिलेल्यापेक्षा कमी क्षमतेची असतात, हा आणखी एक धोका.

तिसरे कारण घड्याळाचे. डीव्हीआरमधला छोटा सेल संपला की वीज गेल्यानंतर तारीख-वेळ मागे जाऊ शकते. चुकीची वेळ दाखवणारे चित्रण डॉक्टरांची दिशाभूल करते. ते नसलेल्या चित्रणापेक्षाही घातक.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेले, ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेले कार्ड घ्यावे. डीव्हीआरला सीसीटीव्हीसाठीचीच हार्ड डिस्क लावावी. नवे कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. जुने फॉरमॅट करण्यापूर्वी हवे ते उतरवून घ्यावे, कारण त्यावरचे सारे पुसले जाते. एच.२६५ पद्धत निवडल्यास त्याच जागेत अधिक दिवस मावतात. केवळ हालचाल टिपण्याचा पर्याय जागा वाचवतो. पण निपचित पडलेल्या माणसापाशी रेकॉर्डिंग थांबते, हे लक्षात ठेवावे. वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल अशी ठेवावी आणि डीव्हीआरला छोटा यूपीएस जोडावा. महिन्यातून एकदा आठवड्यापूर्वीचे रेकॉर्डिंग उघडून पाहावे.

प्रसंग घडलाच, तर चित्रण शोधत बसू नये. आधी १०८ला फोन करावा, रुग्ण हलवावा. दूर असलेल्या मुलाने तोवर मोबाइलवरून शेवटची हालचाल शोधून ती वेळ डॉक्टरांना कळवावी आणि तो भाग लगेच उतरवून ठेवावा. कॅमेरा ज्यांच्यावर रोखलेला असतो, त्या आई-वडिलांची संमतीही हवी. न्हाणीघरात कॅमेरा नकोच.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये पोलीस ठाण्यांत कॅमेरे लावण्याचा आदेश देताना चित्रण १८ महिने, ते शक्य नसल्यास किमान वर्षभर जपण्यास सांगितले. तरीही बंद कॅमेऱ्यांची दखल न्यायालयाला २०२५ मध्ये पुन्हा स्वतःहून घ्यावी लागली. कॅमेरा लावणे सोपे, त्याची नोंद टिकवणे हे रोजचे काम, हाच त्याचा अर्थ. घरात तर विचारणाराही कोणी नसतो. आई-वडिलांच्या औषधांची चौकशी करताना कॅमेऱ्याचे कार्ड आणि घड्याळही पाहिले जावे. त्यातूनच एखाद्या पहाटे उपचाराला वेळ मिळू शकेल.